बिलकिसूबाईंचा हिंदुस्थान

२७ ऑक्टोबर १९९६, रविवार

बाई रिक्षातून उतरल्या, आमच्या नेरूळच्या बिल्डिंगकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि पहिलाच प्रश्न केला — "पहाड कहाँ है?"

मी पारसिकचा डोंगर दाखवला. लांब दिसतो, खडी काढून काढून अर्धा कुरतडलेला. बाईंना वाटलं मी थट्टा करतोय. त्यांना बर्फाचा हवा होता.

पाहुणे आफ्रिकेतले. नायजेरिया देश, कानो शहर. अल्हाजी गर्बा शिलाई मशीनच्या सुट्या भागांचे व्यापारी. त्यांचा माल जासईच्या कंटेनर यार्डात जहाजाची वाट बघत पडलाय, आणि मी तिथला गेटवरचा क्लार्क. दुपारच्या नमाजला आम्ही शेजारी उभे राहायचो, तेवढीच ओळख. हॉटेलचं खाऊन पोट बिघडलं म्हणाले, बायकोही बरोबर आहे. मुलगा उसामा पुण्याला शिकायला गेल्यापासून त्याची खोली रिकामीच. म्हटलं, चला घरी. माझ्या बायकोला, नफिसाला, विचारलं नव्हतं. तिनं भांडी तेवढी जोरात ठेवली.

बाईंचं नाव बिलकिसू. हिंदी बोलतात — सगळी पिक्चरमधली. नफिसाकडं पाणी मागितलं ते असं : "बहन, इस प्यासी को दो घूँट पानी दोगी?" नफिसा पाणी आणायला म्हणून आत गेली ती पदर तोंडात कोंबून हसत बसली. शेवटी माझ्या मुलीनं, सिदरानं, ग्लास नेऊन दिला.

२९ ऑक्टोबर, मंगळवार

बाई कादंबऱ्या लिहितात! त्यांच्या हाउसा भाषेत, आणि त्याही प्रेमाच्या. पातळ पुस्तकं, एका गोष्टीचे दोन-तीन भाग, बाजारात कापडाच्या दुकानाशेजारी मिळतात. बायका वाचतात आणि उशीखाली ठेवतात. पुरुष नावं ठेवतात आणि बायको माहेरी गेली की वाचतात. हे अल्हाजींनीच सांगितलं आणि मग बराच वेळ दाढी खाजवत राहिले.

त्यातलं एक पुस्तक हिंदुस्थानात घडतं. बाई याआधी इथं कधी आल्या नव्हत्या. आज त्यांनी गोष्ट सांगितली, इंग्रजीत. माझं इंग्रजी कंटेनरच्या नंबरापुरतं. सिदरा बसून मराठी करत होती.

कानोचा एक डॉक्टर मुंबईला येतो. स्टेशनाबाहेर बर्फाचा डोंगर. डोंगराखाली नदी. नदीवर जमुना नावाची मुलगी अंगभर सोनं घालून धुणं धुतेय. तिच्या बापाच्या दारात हत्ती. बाप दिवसभर जिन्यावर उभा, हातात दारूचा पेला. आई वाईट बातमी ऐकून आंधळी होते आणि देवळाची घंटा वाजली की तिला दिसायला लागतं. पोलीस येतात, पण सगळं आटोपल्यावर.

शेवटची गोष्ट खरी आहे असं मी म्हटलं. सिदरानं ते इंग्रजीत सांगितलं नाही.

त्या मुंबईत कोणी कामालाच जात नाही. माझी तिकडं बदली होईल का?

३० ऑक्टोबर, बुधवार

काल बाईंच्या मुंबईला पोट धरून हसलो. आज डब्यानंतर अल्हाजींना सहज विचारलं, तुमच्या कानोत सिंह वस्तीत येतात का.

ते म्हणाले, सिंह पाहिलाय. लहानपणी, प्राणिसंग्रहालयात, तिकीट काढून.

कानो म्हणे मोठं व्यापाराचं शहर. सपाट, धुळीचं, मशिदी, शाळा, ट्रक, वीज जाते. म्हणजे भिवंडीच. आणि मी इतके दिवस त्यांच्या शेजारी नमाजला उभा राहून मनात म्हणायचो, हा माणूस झाडाझुडपातून वाट काढत कसा आला असेल! गावच्या शाळेत चौथीच्या भूगोलात आफ्रिकेच्या नकाशावर एक सिंह आणि एक ढोल काढला होता. गुरुजींनी दोन्ही पाठ करून घेतले. पन्नाशीला आलो, अजून पाठ आहेत.

३ नोव्हेंबर, रविवार

बाईंना सारसोळ्याला नेलं. खाडी दाखवली, होड्या दाखवल्या. वामन भेटला — सारसोळ्याचाच. आधी मासे मारायचा, आता चाळ बांधून भाडं मारतो. त्यानं बाईंचा तो डोक्यावरचा भरजरी फेटा पाहिला आणि मला बाजूला घेतलं. "नझीरभाय, ही कंची रानी तुजे घरान उतरलीय? शूटिंग हाय का?"

मी सांगितलं, लेखिका आहेत, आपल्याकडचं खरंखुरं बघून लिहिणार आहेत.

"मग माजी चाल लिव म्हनावं. धाव्या खोलीवालं भारा देत नाय, त्येला पन लिव."

बाईंनी वामनला नीट न्याहाळलं आणि सिदराला विचारलं, हा खलनायक का? वामनला ते सांगावं लागलं. खूष झाला. मिशी पिळून दाखवली.

येताना बाई गंभीर होत्या. म्हणाल्या, माझं मागचं पुस्तक लाज वाटण्यासारखं आहे. पुढचं खऱ्या हिंदुस्थानातलं लिहीन. तुम्ही सांगाल ना, बाबूजी?

सांगेन म्हणालो. आजपासून मी म्हणजे हिंदुस्थान. चपला जरा आवाज करत वाजवल्या जिन्यात.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

जुम्याच्या नमाजहून येऊन बाईंना विचारलं, गोष्ट लिहायची तर तुमच्या कानोचीच का नाही लिहीत? हिंदुस्थान कशाला?

त्यांनी जे सांगितलं ते दिवसभर डोक्यात आहे. त्यांच्याकडं मुलीचं लग्न बाप ठरवतो, आणि मुलीनं बापाला नाही म्हणणं लिहिलं की लोक लेखिकेच्या घरी येऊन विचारतात, तुझ्या मुली कशा आहेत. पण तीच मुलगी मुंबईची असली, नदीवर उभी राहून बापाला नाही म्हणाली, तर सगळे म्हणतात, तिकडं असंच असतं. आणि पुस्तक विकत घेतात.

म्हणजे हत्ती, बर्फ, सोनं हे सगळं पडद्यासारखं आहे. पडद्यामागं कानोच्या मुली बसल्यात. मी पडद्यावरच्या हत्तीला हसत होतो. अल्लाह माफ करो.

सिदराला म्हटलं, बघ, केवढं डोकं आहे बाईंना. ती म्हणाली, "मला आधीच कळलं होतं, अब्बा."

१२ नोव्हेंबर, मंगळवार

नफिसानं बाईंना फराजचा फोटो दाखवला. सिदराचा होणारा नवरा, तळोज्याच्या मुकादमभाईंचा मुलगा, कतारला दोहात नोकरीला. उन्हाळ्यात मांगनी झाली. निकाह डिसेंबरअखेर, रमजानच्या आधी. मग सिदरा दोहाला.

फोटोत फराज एका पांढऱ्या गाडीला टेकून उभा आहे, मागं कारंजं. बाईंनी विचारलं, गाडी त्याची? नफिसा म्हणाली, बहुतेक. मी म्हणालो, अर्थात.

नंतर मनात आलं, मला काय माहीत? माझा अख्खा दोहा त्या एका फोटोतून बांधलेला. माझ्या दोहात ऊन नाही, घाम नाही, बदलीची भीती नाही. खजुराच्या झाडाखाली थंड हवा येते आणि पाचही वेळा अजान ऐकू येते. तिथंही कोणी कामाला जात नाही. बाईंनी निदान दोन भाग लिहिले. मी एका फोटोवर मुलगी देऊन मोकळा.

१७ नोव्हेंबर, रविवार

आज बाईंनी विचारलं, तुमच्याकडं निकाहाला मुलीची संमती कशी घेतात?

हा माझ्या अधिकाराचा विषय. मांडी घालून सांगितलं. वकील, म्हणजे मुलीचा होकार आणायला नेमलेला माणूस, आणि दोन साक्षीदार बायकांच्या खोलीत जातात. मुलगी डोक्यावरून ओढणी घेऊन बसलेली. वकील विचारतो, अमक्याचा मुलगा अमका, इतका मेहर, कबूल आहे का. मुलगी लाजते, गप्प बसते, रडते. मग कोणी मामी, कोणी फुफी म्हणते, हो म्हणाली हो. की वकील बाहेर.

बाई म्हणाल्या, आमच्याकडंही कुमारिकेचं गप्प बसणं म्हणजे होकार. पण बाबूजी, होकाराचं गप्प आणि नकाराचं गप्प वेगळं कसं ओळखायचं?

मी लगेच म्हणालो, "बापाला कळतं."

सिदरानं याचं इंग्रजी करायला फार वेळ लावला. एवढंसं तर वाक्य.

१८ नोव्हेंबर, सोमवार

सिदरा जेवली नाही. डोकं दुखतंय म्हणाली.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

नमाजला उभा होतो आणि तेच वाक्य मध्ये येत होतं. बापाला कळतं. बापाला काय कळतं? एकच कंटेनर तीनदा तपासल्याशिवाय गेटबाहेर सोडत नाही मी.

नफिसाला विचारलं, आपल्या निकाहाला तुला विचारलं होतं ना?

"विचारलं होतं. मामीनं हो सांगितलं."

"आणि तू?"

"डाळ करपतेय," म्हणाली आणि उठून गेली. चुलीवर डाळ नव्हती. आज मासे होते.

२४ नोव्हेंबर, रविवार

आता मी सिदराकडं लक्ष ठेवून आहे. बाईंजवळ बसते. बाई नव्या पुस्तकातलं सांगतात, ही ऐकता ऐकता डोळे पुसते. मी गेलो की दोघी गप्प. अल्हाजींना विचारत होती, वाळवंटाकडच्या देशात नवीन बाईमाणसाला करमतं का. बाल्कनीत उभी राहून उगाचच खालचा भाजीवाला बघत राहते. काल कपाटातून माझा जुना नकाशा काढून बसली होती, मला बघून मिटला.

नफिसा म्हणते, मुली रडतातच लग्नाआधी, तुम्ही नका त्यात पडू.

पण नव्या पुस्तकातली मुलगीही नेरूळचीच आहे. तिचा बापही क्लार्क. आणि तोही विचारल्याशिवाय मुलगी देतोय. बाई म्हणतात, हा बाप तुम्ही नाही. पिक्चर सुरू होण्याआधीही तसंच लिहितात — यातील पात्रांशी साम्य आढळल्यास योगायोग समजावा.

१ डिसेंबर, रविवार

बाई अडल्यात. पुस्तकातली मुलगी तोंडानं नाही म्हणते, वकिलासमोर, सगळ्यांदेखत. तर नेरूळचा बाप काय करेल?

मी पुढं सरकून बसलो. म्हणालो, लिहा. बाप रागावणार नाही. उठेल, मंडपात जाईल, टोपी काढून हातात घेईल, म्हणेल : मंडळी, जेवण तयार आहे, जेवून जा. निकाह होणार नाही. माझी मुलगी ओझं नाही की पहिल्या जहाजावर चढवून द्यावं.

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. अल्हाजींनी माझा हात दाबला. सिदरा खाली मान घालून सांगत होती, तिचा आवाज कापत होता.

इतकं चांगलं मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो. रात्री इशाच्या नमाजला जाताना रस्त्यात पुन्हा म्हणून पाहिलं, टोपीसकट. समोरून सोसायटीचे सेक्रेटरी आले. म्हणाले, नझीरभाई, सगळं ठीक ना?

८ डिसेंबर, रविवार

पाहुणे गेले. माल जहाजावर चढला. नफिसानं बाईंना कोकमं बांधून दिली. दोघी रडल्या, पिक्चरसारख्या नाही, आपल्यासारख्या.

दारात बाईंनी सिदराला बराच वेळ जवळ धरलं. मग माझ्यासमोर उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "बाबूजी, बेटी से पूछ लेना."

काय डायलॉग! मी छातीवर हात ठेवून मान झुकवली.

घर एकदम लहान झालं.

१० डिसेंबर, मंगळवार

इस्तिखारा केला, म्हणजे अल्लाहकडं कौल मागितला. दोन रकात पढलो आणि दुआ मागितली, या अल्लाह, या लग्नात भलं असेल तर सोपं कर, नसेल तर वळव. मग वजू करून, हातपाय-तोंड धुऊन, तसाच झोपलो.

स्वप्नात नदी दिसली. सिदरा काठावर उभी, डोक्यावर घडा. मी हाका मारतोय, ती वळून बघत नाही. मागं पांढरा डोंगर.

उठलो ते घामानं भिजून. इशारा स्पष्ट आहे. मुलगी माझ्यापासून तोंड फिरवून उभी आहे.

आता लिहिताना जाणवतंय, बर्फ कुठून आला तेवढं कळत नाही. पण स्वप्नात कोण हिशेब विचारतो?

१३ डिसेंबर, शुक्रवार

केलं. अल्हम्दुलिल्लाह.

जुम्यानंतर अर्धी रजा टाकून तळोज्याला गेलो. घरी सांगितलं नव्हतं. नफिसानं अडवलं असतं, आणि सिदराला विचारलं असतं तर बिचारी माझी अब्रू सांभाळायला हो म्हणाली असती. ओळखतो मी तिला.

मुकादमभाई ओसरीवर निकाहाच्या पत्रिका मोजत बसले होते. मी टोपी काढली. बोललो. पुस्तकातल्यासारखं नीट जमलं नाही, जेवणाचं वाक्य तर तिथं लागूच होईना. पण जहाजाचं बोललो.

मुकादमभाईंनी शांतपणे विचारलं, "सिदरानं सांगितलं असं?"

"सांगायला कशाला हवं? मी बाप आहे."

"फराजनं रजा घेतलीय. तिकीटही काढलंय."

भाभींनी चहा आणला. प्यालो. साखर नव्हती, की मलाच लागली नाही. निघताना मुकादमभाई दारापर्यंत आले नाहीत. त्यांचा राग बरोबर आहे. अल्लाह त्यांच्या मुलाचंही भलं करो.

घरी येऊन दोघींना समोर बसवलं आणि सांगितलं. नफिसा माझ्याकडं बघतच राहिली. सिदरा उठली आणि आत गेली. दार हळूच लावून घेतलं.

रडण्याचा आवाज आला. इतक्या दिवसांचं ओझं उतरलं, रडू येणारच. मीही थोडा रडलो. बरं वाटलं. आयुष्यात एकदा तरी बाप म्हणून शोभलो.

१४ डिसेंबर, शनिवार

सिदरा दिवसभर गप्प. नफिसाही माझ्याशी बोलत नाही. बोटातली मांगनीची अंगठी सिदरानं काढून टेबलावर ठेवलीय.

एवढ्या मोठ्या गोष्टीला शब्द कुठून सापडणार तिला? मी घाई करत नाही. बिलकिसूबाईंना पत्र लिहायला घेतलंय. शेवट खरा झाला म्हणून कळवतो.

१५ डिसेंबर, रविवार

सकाळी तिच्या दारात उभा राहिलो. म्हटलं, बेटा, आता तरी बोल. तुझ्या मनासारखं झालं ना?

म्हणाली, "मला जायचं होतं, अब्बा."

मग एवढी रडत का होतीस, विचारलं.

"घर सुटणार म्हणून."

ती अंथरुणाची घडी घालत होती. घालून झाली, तरी पुन्हा उलगडून घालायला लागली. माझ्याकडं न बघता म्हणाली, "बिलकिसू आंटींना सांगितलं होतं मी. वकील आले की गप्प बसणार नाही. सगळ्यांना ऐकू जाईल असं, तोंडानं, कबूल म्हणणार."